थिसिस जमा होईपर्यंत टिकलेला चौथा सेल

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. आम्ही बौद्ध. नवस, अंगारे, दृष्ट काढणं यातलं घरात काहीच नाही. पप्पांचं एकच वाक्य, "आधी कारण शोध." या ग्रुपवरचे असले अनुभव वाचून मी हसलेली बाई आहे. आता तुम्ही हसा.

राहते कांदिवली ईस्टला, पीएचडी अंधेरीच्या एका कॉलेजात. विषय ऑरगॅनिक सोलर सेल. म्हणजे प्लास्टिकच्या जातीच्या पदार्थाचा पातळ थर, ऊन पडलं की वीज देतो. झकास चीज, पण नाजूक! हवेतला ओलावा लागला की वाट लागली. म्हणून वर काच ठेवून कडेने गोंदाने सील करायचं. तो जास्तीत जास्त दिवस कसा टिकेल, यातच माझी पाच वर्षं गेली... आणि टिकत काही नव्हता. युनिव्हर्सिटीने शेवटची मुदतवाढ दिली होती. ही बॅच गेली की पीएचडी गेली, सरळ हिशोब.

जूनमध्ये चार सेल उन्हासारखा प्रकाश देणाऱ्या दिव्याखाली लावले. लॅबचे टेक्निशियन परबकाका, दिंडोशीचे, मूळ मालवणचे, म्हणाले, "गाऱ्हाणां घालू काय गो?" गाऱ्हाणं म्हणजे त्यांच्याकडे देवाला मोठ्याने घातलेलं साकडं. मी वैतागून म्हटलं, "घाला! थिसिस जमा होईपर्यंत टिकू दे म्हणावं, पुढचं पुढे बघू."

काकांनी खरंच हात जोडले. "बा देवा म्हाराजा! ह्या चेडवान जां काम हातात घेतल्यान हा, तां थिसिस जमा होईपर्यंत टिकव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मीही रीतीप्रमाणे ओरडले. मस्करीत हो...

आठवड्यात तीन सेल मेले. चौथ्याची वीज दाखवणारी रेष मात्र स्क्रीनवर सरळच्या सरळ. जुलै, ऑगस्ट... भिंतींना बुरशी आली, पण तो ढिम्म! माझे गाईड सर खूश. मी सेलच्या थरात वापरलेल्या नव्या मिश्रणाचं कौतुक करत अख्खा चॅप्टर लिहिला.

सप्टेंबरमधल्या एका सोमवारी, भर सकाळी, लॅबमध्ये बसूनच थिसिस अपलोड केला. हिरवी टिक आली... अकरा बेचाळीस. मी "येस्स!" म्हणते तोच मागून काका म्हणाले, "गो, तुझी रेष पडली!"

वळून बघते तर रेष थेट शून्यावर. वेळ अकरा बेचाळीस. दिवा चालू, वायरी नीट, मशीन नीट.

बघायला सेल क्लिपमधून काढला आणि वरची काच अलगद माझ्या हातात आली. कडेला गोंदच नव्हता! एक थेंबही नाही. धावत जाऊन वही उघडली. माझ्याच अक्षरात — "सेल ४ : गोंद संपला, उद्या लावणे." आणि मी बावळट, विसरले होते!

म्हणजे मुंबईच्या पावसाळ्यात, सील नसलेला सेल तीन महिने चालला. अहो, तो दोन दिवससुद्धा टिकत नाही! विश्वास बसेना म्हणून तसेच दहा उघडे सेल लावून पाहिले. दुसऱ्या दिवशी सगळे खलास.

सरांना सगळं खरं सांगितलं. ते डोकं धरून बसले. चॅप्टर दुरुस्त करून पाठवला, त्यात लिहिलंय की एक सेल सीलशिवाय टिकला, कारण माहीत नाही. पाच वर्षांचं काम या एका वाक्यावर लटकलंय. पप्पांनी ते वाक्य दोनदा वाचलं आणि कागद परत माझ्या हातात दिला.

काकांवर चिडले, "थिसिसपर्यंतच का मागितलंत?"

"तूच म्हटलंस ना? मी तितक्याच मागलंय."

व्हायव्हा पुढच्या आठवड्यात आहे. परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारणार, कशामुळे टिकला? आणि काल काका चहाचा कप हातात घेऊन टेबलाशी आले.

"व्हायव्हाक गाऱ्हाणां घालू? पण ह्या खेपेक काय मागूचां, तां आधी नीट विचार करून सांग."

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं... पण अजून म्हटलेलं नाही.