उतारावरचा हात

गाडीत बसण्याआधी चाचा बॉनेटवर डावा हात ठेवायचे. डोळे मिटून, मान जराशी कलती करून, आम्ही सिस्टर लोक पेशंटच्या पोटावर ठेवतो तसा. मग म्हणायचे, "व्हय, हाय चालू." ही सवय त्यांच्या जुन्या डिझेल जीपची. इंजिनाची धडधड तळव्याला कळल्याशिवाय त्यांनी कधी गिअर टाकला नव्हता. पुढे विजेवरची गाडी आली. तिच्या बॉनेटखाली कसली आलीय धडधड? तरी हात ठेवायचेच. थोडा वेळ वाट बघायचे आणि माझ्याकडे वळून विचारायचे, "सिस्टर, चालू हाय का? तुमीच सांगा."

राहायचे भोरला, स्टँडच्या मागे, आणि भाड्याची गाडी चालवायचे. भोर-वेल्ह्यात लहानथोर सगळे त्यांना चाचा म्हणायचे, मीही म्हणायचे. वेल्ह्याच्या आरोग्य केंद्रात माझी बदली झाल्यापासून मी भोरहून त्यांच्याच गाडीतून जायचे आणि संध्याकाळी त्यांच्याच गाडीतून परत यायचे. तुमच्याही स्टँडवर असा एखादा असेल, भाडं ठरवण्याआधी तुमच्या घरी कोण आजारी आहे याची चौकशी करणारा. कंटाळा येतो अशा माणसांचा. नसली की मात्र स्टँड ओळखू येत नाही.

विजेवरची गाडी मुलानं गळ्यात मारली, असं ते ज्याला त्याला सांगायचे. "चोरावानी येती न् चोरावानी जाती," ही त्यांची मुख्य तक्रार. आवाज नाही म्हणून शेळ्या रस्त्यातून हलत नसत आणि म्हाताऱ्या माणसांच्या अगदी पाठीशी जाईपर्यंत त्यांना पत्ता लागत नसे. हॉर्न वाजवणं चाचांना उद्धटपणाचं वाटायचं. शेवटी त्यांनी बाजारातून बैलाची घुंगुरमाळ आणली आणि गाडीच्या नाकाला बांधली. पुण्याहून पानशेतला फिरायला आलेली मंडळी गाडी थांबवून फोटो काढायची. फोटो आपलाच काढतात अशा समजुतीनं चाचा टोपी नीट करायचे. मी कधी त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

खरं भांडण होतं ते उतारावर. डिझेलच्या जमान्यातले ड्रायव्हर घाटमाथा आला की गाडी न्यूट्रल करायचे आणि ब्रेकवर खाली सोडायचे, तेवढंच डिझेल वाचायचं. "उतार आपला," असं चाचा म्हणायचे, आणि ते म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर दिवसातलं एकमेव समाधान दिसायचं. विजेच्या गाडीचं सगळं उलटं. उतारावर ती गिअरमध्येच ठेवून नुसता पाय उचलला, तर फिरत्या चाकांनी तिची बॅटरी थोडी भरते. न्यूट्रल केली की ते मिळणारं गेलंच. मुलानं सांगितलं, गाडी विकणाऱ्यानं सांगितलं, मीही सांगितलं. चाचा मान डोलवायचे. आणि माथा आला की त्यांचा डावा हात आपला आपण गिअरच्या गोल बटणाकडे जायचा आणि ते न्यूट्रलवर फिरवून मोकळा व्हायचा.

एकदा पाबे घाट असाच उतरून खानापूरच्या अलीकडे गाडी बंद पडली. मी आत होते. ट्रॅक्टरला दोर बांधून आम्हाला ओढत नेलं, पुढे घुंगरं वाजतायत, दोन्ही बाजूंनी लोक बघतायत, वरातच जणू. मी चिडले होते. चाचा स्टिअरिंग धरून बसले होते. हळूच म्हणाले, "मला कळतंय सिस्टर. हाताला कळंना."

ट्रॅक्टरची गोष्ट मी केंद्रात सगळ्यांना रंगवून सांगितली. पुढे तोच घाट आणि तोच हात वाट्याला येणार आहे, हे तेव्हा कुणाला माहीत होतं?

त्या दिवशी आम्ही सकाळी वेल्ह्यात पोचलो. नेहमीप्रमाणे चाचांनी एका हॉटेलाच्या मागे गाडी चार्जिंगला लावली. दुपारी असं वारं सुटलं की विजेचे खांब आडवे झाले आणि नसरापूरच्या, म्हणजे आमच्या नेहमीच्या, रस्त्यावर भलामोठा वड पडला. गाडी नीट भरलीच नव्हती. त्याच वेळी आमच्याकडे संगीता नावाची पहिलटकरीण कळा देत होती. नवरा कारखान्यात पाळीवर, सोबतीला फक्त सासू, जिला सगळे आक्का म्हणायचे. संगीताच्या पोटावर ठोके ऐकायचं हातातलं मशीन लावलं आणि मी डॉक्टरांना हाक मारली. बाळाचे ठोके मंदावत होते. डॉक्टरांनी ऐकले आणि म्हणाले, ऑपरेशन लागेल, इथे होणार नाही, आत्ताच्या आत्ता हलवा.

अॅम्ब्युलन्स सकाळीच दुसऱ्या पेशंटला घेऊन पुण्याला गेली होती, ती आता पडलेल्या वडाच्या पलीकडे. गावातल्या जीपा लग्नाच्या वऱ्हाडात. उरले चाचा आणि उरला पाबे घाट. घाटापलीकडे, पुण्याच्या रस्त्यावर मोठा दवाखाना होता. गाडी तिथवर पोचेल का, असं डॉक्टरांनी विचारलं. चाचांनी बॅटरीचा आकडा बघितला, पुन्हा बघितला. "घाट चढंल," ते म्हणाले. "म्होरलं मला सांगता येत न्हाई."

वाट बघण्यात अर्थ नव्हता. संगीताला मागच्या सीटवर डाव्या कुशीवर निजवलं, मी तिच्या पायाशी घुसले, आक्का पुढे. निघताना बॉनेटवर हात ठेवायला चाचा विसरले, आणि ते बघून मला पहिल्यांदा भीती वाटली. थोडं पुढे गेल्यावर घुंगरांच्या आवाजात मला ठोके ऐकू येईनात. मी तसं म्हणताच त्यांनी गाडी थांबवली, उतरून माळ हिसडून तोडली आणि डिकीत टाकली.

मग गाडीत दुसरा कसलाच आवाज राहिला नाही. जीपमध्ये इंजिनाच्या घरघरीत ते मशीन मला कधीच ऐकू यायचं नाही. इथे बाळाचे ठोके गाडीभर घुमत होते. टप टप चालायचे, कळ आली की रेंगाळायचे, पुन्हा चालायचे. आम्ही सगळे त्यावरच श्वास घेत होतो. चढ लागला तसा चाचांनी एसी बंद केला. संगीता घामानं भिजली होती, मी पदरानं वारा घालत होते. वळणावळणाला बॅटरीचा आकडा उतरत होता. आक्काला वाचता येत नव्हतं, पण दर वळणाला तीही तिकडेच बघत होती.

माथ्याच्या जरा खाली ठोके थांबले. मशीन सरकलं असेल म्हणून मी जागा बदलली, पुन्हा बदलली. नुसती खरखर.

"सिस्टर," चाचांनी मागे न बघता विचारलं, "चालू हाय का?"

मी मशीन दाबून धरलं. संगीता माझा दंड आवळत होती. मग खूप खोलातून यावा तसा एक ठोका आला, मागून दुसरा.

"चालू आहे चाचा. पण हळू आहे."

गाडी माथ्यावर आली. समोर उतार. आकडा इतका खाली गेला होता की तेवढ्यावर दवाखाना गाठणं शक्यच नव्हतं. घाटानं जे काही परत दिलं असतं, त्यावरच ते बाळ होतं. आणि मी बघितलं, चाचांचा डावा हात स्टिअरिंगवरून उठला आणि बटणाकडे निघाला.

तो अर्ध्या वाटेत थांबला. चाचा म्हणाले, "आक्का, ह्यो हात धरा माजा. ह्यो माजं ऐकायचा न्हाई."

आक्का, डोक्यावरचा पदर जिनं कधी ढळू दिला नव्हता ती बाई, त्यांच्याकडे वळून बसली. मग तिनं तो हात मनगटाशी दोन्ही हातांनी धरला आणि आपल्या मांडीवर दाबून ठेवला. सगळा घाट चाचा एका हातानं उतरले. प्रत्येक वळणाला आक्काच्या मुठीत तो हात उसळायचा आणि ती आणखी घट्ट धरायची. मागे ठोके चालले होते. आकडा पायरी पायरीनं वर चढत होता, फार नाही, पण चढत होता. मला रडू येत होतं आणि रडायला वेळ नव्हता.

पायथा आला. "सोडा आक्का," चाचा म्हणाले. "घाट संपला."

"दवाखाना येऊ द्या," आक्का म्हणाली.

गावागावातून जाताना चाचा खिडकीतून तोंड काढून, सरका, बाजूला व्हा, असं ओरडत होते. घुंगरं नव्हती आणि हॉर्न त्यांना शेवटपर्यंत सुचला नाही. दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर आल्यावर आक्कानं हात सोडला. चाचांच्या मनगटावर तिच्या बांगड्यांचे वळ उठले होते.

मुलगी झाली. रडायला तिनं बराच वेळ घेतला, पण रडली. मी सांगायला बाहेर आले तर चाचा बॉनेटवर हात ठेवून डोळे मिटून उभे होते. मी काही बोलण्याआधीच त्यांना कळलं. बाहेरपर्यंत आवाज जात होता तिचा.

त्यानंतर ते घाटात न्यूट्रल करायचे नाहीत, असं मला लिहायला आवडलं असतं. करायचेच. मी पुढे बसले असले तर मात्र डावा हात माझ्यापुढे करायचे आणि दोघंही हसायचो.

मग एके दिवशी स्टँडवर ते दिसले नाहीत. अंगावरून वारं गेलं होतं. डावी बाजू पूर्ण गेली, बोलणं जड झालं. ते गेले त्याच्या थोडे दिवस आधी मी आक्काला घेऊन त्यांच्या घरी गेले. तिच्या कडेवर नात होती. आक्का काही न विचारता खाटेच्या कडेला बसली, पोरीला खाली ठेवलं आणि त्यांचा डावा हात उचलून दोन्ही हातांत धरला, मनगटाशी, तसाच.

चाचांनी मान वळवून त्या हाताकडे बघितलं.

"मला दिसतंय आक्का," ते म्हणाले. शब्द नीट उमटत नव्हते त्यांचे. "हाताला कळंना."

"नसू द्या कळत," आक्का म्हणाली. "म्या धरलाय."