कान बाईंचे, हात मिस्त्रींचे

बाईंचा उभा जन्म बालवाडीत गेला होता. गल्लीतली निम्मी माणसं त्यांच्याकडून नाक पुसून घेत मोठी झाली होती, आणि आता स्वतःच्या पोरांना शाळेत सोडताना वाटेत बाई दिसल्या की अजूनही ती ताठ उभी राहायची. फळ्यावर ससा काढता काढता, मागे कोण कुणाला चिमटा काढतंय हे बाईंना मान न वळवता कळायचं. "तू, खिडकीतला, सोड तिची वेणी!" असं त्या भिंतीकडे तोंड करून म्हणायच्या आणि वेणी सुटायची.

त्यांचा नवरा म्हणजे मिस्त्री. राहतं घर वरच्या मजल्यावर आणि खाली गॅरेज. दोन गाड्या कशाबशा मावतील एवढी जागा, मधोमध उतरायचा खड्डा, भिंतीवर लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत टांगलेले पाने. एखादा पाना ओळ सोडून टांगला गेला तर मिस्त्रींना जेवण गोड लागत नसे. त्यांची ख्याती कानाची. स्क्रू पिळायचा लांब दांड्याचा पेचकस घ्यायचा, टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून उभं राहायचं. मग डोळे उघडून सांगायचे, अमुक गेलंय, तमुक ढिलं झालंय. ते तसंच निघायचं.

बाई निवृत्त झाल्या त्या वर्षीची गोष्ट. एका सकाळी चष्म्याचा दुकानदार गाडी घेऊन आला होता. त्याची तक्रार होती की इंजिन वाजतंय. मिस्त्रींनी बोनेट उघडलं, पेचकस टेकवला, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. बाई चहाचे दोन कप घेऊन जिन्यावरून उतरत होत्या. त्यांना दिसलं की दुकानदार अजून सीटखाली वाकून पडलेली किल्ली शोधतोय. इंजिन बंदच होतं. आणि मिस्त्री समाधानाने मान डोलवत होते.

"झकास," मिस्त्री म्हणाले. "काही वाजत-बिजत नाही."

बाईंच्या हातातला चहा बशीत सांडला. पण बालवाडीत एवढी वर्षं काढलेल्या बाईला चेहरा कसा ठेवायचा हे शिकवावं लागत नाही. त्यांनी कप खिडकीतून दुकानदाराच्या हाती दिला आणि मोठ्याने म्हणाल्या, "सापडली का किल्ली? आता चालू करा म्हणजे मिस्त्री नीट ऐकतील." मिस्त्रींचे कान लालबुंद झाले. दुकानदाराला कशाचाच पत्ता नव्हता.

तो गेल्यावर बाईंनी विषय काढला. "अहो, कधीपासून इंजिनही ऐकू येत नाहीये?"

"रविवारी? रविवारी गॅरेज बंदच असतं की."

बाईंना हसू फुटलं, आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही आलं. मिस्त्री स्टुलावर बसले. बराच वेळ हात पुसत राहिले, हात स्वच्छ होते तरी. मग म्हणाले, "जाड आवाज कळतात गं. धपधप असेल तर पेचकसातून हातालासुद्धा कळतं. बारीक आवाज गेले. पाखरं गेली, घड्याळ गेलं."

"लेक फोनवर घसा कोरडा करून सांगतेय, कानाचं मशीन घ्या म्हणून."

"कानात मशीन घातलेला मिस्त्री? गिऱ्हाईक म्हणेल, आधी स्वतःची दुरुस्ती करून ये."

दुसऱ्या दिवशी बाईंनी जुनी साडी नेसली, पदर खोचला आणि गॅरेजात येऊन उभ्या राहिल्या. "मला सांगा काय ऐकायचं ते. मी ऐकते, तुम्ही उघडा."

पहिले काही आठवडे नुसती भांडणं. मिस्त्री विचारायचे, "आवाज कसा आहे?" बाई म्हणायच्या, "खुळखुळ्यासारखा." मिस्त्री डोकं धरायचे. "कुठला खुळखुळा? आत काय आहे, खडे की मणी?" आणि गंमत म्हणजे हा प्रश्न चुकीचा नव्हता, कारण बाईंना त्याचं उत्तर देता यायचं. हळूहळू दोघांचं जमत गेलं. चढावर जोर लावताना डब्यात मणी हलवल्यासारखं वाजलं तर आत पेट्रोल वेळेआधी पेटतंय. थंड इंजिन सकाळी खडखडतं आणि गरम झाल्यावर गप्प होतं, तर पिस्टन सैल झालाय, पण घाई नाही. इंजिनाच्या डोक्यातून घाईघाईची बारीक टकटक आली तर तिथपर्यंत ऑइल पोचतंय का ते बघायचं. आणि पोटातून, खालून, दारावर मूठ मारल्यासारखी धपधप आली तर इंजिन त्या क्षणी बंद करायचं, कारण बेअरिंग गेलंय.

"एकेका प्लगची वायर काढून बघायची," मिस्त्री शिकवायचे. "ज्याची काढल्यावर आवाज दबतो, त्याच्याच खाली दुखणं."

"म्हणजे एकेकाला वर्गाबाहेर उभं करायचं. ज्याला काढल्यावर वर्ग शांत होतो, तोच दंगेखोर."

मिस्त्री बघतच राहिले. "हो. अगदी तेच."

अशा दिवसांत एके सकाळी ब्रेकताई आली. ती लोकांना गाडी चालवायला शिकवायची. गाडीच्या टपावर पाटी, आत तिच्याही पायाशी वेगळा ब्रेक, आणि दिवसभर "ब्रेक! ब्रेक! ब्रेक!" ओरडून बसलेला घोगरा आवाज. गल्लीत तिचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. एरवी नाकावर माशी बसू न देणारी ताई त्या दिवशी रडकुंडीला आली होती.

"मिस्त्रीकाका, ऑइलचा लाल दिवा लागतो. इंजिन वाजायला लागतं. दुसऱ्या गॅरेजवाल्याने सांगितलं, बेअरिंग गेलंय, इंजिन उतरवावं लागेल. पुढच्या आठवड्यात माझ्या शिकाऊंची परीक्षा आहे हो. गाडी महिनाभर अडकली तर मी त्यांना काय, स्टुलावर बसवून शिकवू?"

"तू चालवतेस तेव्हा लागतो दिवा?" मिस्त्रींनी विचारलं. ताईचा घोगरा, जाड आवाज त्यांना स्वच्छ ऐकू यायचा.

"तेच तर! मी चालवते तेव्हा नाही. शिकाऊ चालवतात तेव्हाच. मग मी गाडी बाजूला घेऊन बंद करते, थोडं थांबते, पुन्हा चालू केली की सगळं ठीक. मला वाटायला लागलंय, गाडीला माणसं कळतात."

मिस्त्रींनी ऑइल मोजायची पट्टी काढून बघितली. ऑइल भरपूर होतं, नवंकोरं होतं. दिव्याचा सेन्सरही त्या गॅरेजवाल्याने बदलला होता. मिस्त्रींनी सेन्सर काढून त्या जागी प्रेशर मोजायचं गेज लावलं. "दिवा चुगली करतो, पण नेमकं किती ते सांगत नाही," ते बाईंना म्हणाले. इंजिन चालू केलं. काटा चढला आणि जागच्या जागी स्थिर राहिला. इंजिन गरम होऊ दिलं. काटा थोडा उतरला, पण उतरायला हवा तेवढाच. रेस दिली, काटा पुन्हा चढला. बाईंनी पेचकस कानाला लावला. वर ऐकलं, खाली ऐकलं.

"एकदम शहाण्या मुलासारखं चाललंय," त्या म्हणाल्या. "पाहुणे आल्यावर असतात ना, तसं."

"मग घरी कोणी नसताना बघायला हवं," मिस्त्री म्हणाले. गेजची रबरी नळी लांब होती. त्यांनी ती बोनेटच्या फटीतून काढून मागच्या खिडकीतून आत घेतली, टेपने चिकटवली आणि गेज मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसले. ताईने चालवून बघितलं. पार मोठ्या रस्त्यापर्यंत जाऊन आले. काटा काही पडेना.

गॅरेजसमोर गाडी उभी राहिली आणि तिघं विचारात पडले. तेव्हा बाई म्हणाल्या, "अहो, ताई शिकाऊसारखी चालवतेय कुठे? तिला वाईट चालवता येतच नाही. शिकाऊ बसवायला हवा."

"आत्ता शिकाऊ कुठून आणणार? सगळे कामावर गेलेले," ताई म्हणाली.

मिस्त्रींनी बायकोकडे बघितलं. ताईनेही बघितलं. बाईंनी मागे वळून बघितलं, मागे कोणी नव्हतं.

"मी? या वयात?" बाई म्हणाल्या. पण म्हणेपर्यंत त्यांचा पदर खोचून झाला होता.

जुन्या गोदामांच्या मागे एक रिकामा सरळ रस्ता होता. तिथे ताईने त्यांना स्टिअरिंगमागे बसवलं, क्लच दाखवला, ब्रेक दाखवला. गाडीने दोनदा उड्या मारल्या आणि तिसऱ्यांदा निघाली. बाईंच्या तोंडभर हसू होतं.

"आता दुसरा गियर टाका," ताई म्हणाली.

"नको! हात सोडला तर गाडी जाईल कुठेतरी!"

"बाई, इंजिन ओरडतंय, गियर टाका!"

"ओरडू दे!"

गाडी पहिल्याच गियरमध्ये, कर्कश ओरडत, बैलाच्या चालीने रस्ताभर चालली. टोकाला ताईने कसंबसं वळवून घेतलं आणि पुन्हा तोच प्रकार. मागे मिस्त्री गेजला नाक लावून बसले होते. तिसऱ्या फेरीला ते एकदम म्हणाले, "काटा पडतोय."

नेमक्या त्याच वेळी बाईंच्या कानावर आवाज आला. घाबरलेल्या पोराने पेन्सिल बाकावर आपटावी तशी बारीक, भराभर टकटक. हातभर चुकलं असतं तर गाडी गोदामाच्या भिंतीला लागली असती, तरीही त्यांनी मान तिरकी करून ऐकलं.

"वरून येतोय!" त्या ओरडल्या. "अहो, वरून! टकटक आहे, धपधप नाही!"

"पोटातून काही?"

"पोट गप्प आहे!"

"बंद कर! बंद कर इंजिन!"

"कसं करतात बंद?"

ताईने स्वतःचा ब्रेक दाबून, हात लांब करून किल्ली फिरवली. एकदम शांतता झाली. तिघंही घामाघूम. मिस्त्रींनी थोडा वेळ जाऊ दिला आणि पुन्हा चालू करायला सांगितलं. काटा टुणकन वर. टकटक गायब.

मिस्त्रींचा चेहरा उजळला. "ऑइल आहे, पंप चांगला आहे, बेअरिंग धड आहेत. बेअरिंग गेलं असतं तर थोडं थांबून बरं झालं नसतं. अगं, ऑइल ओढायच्या जाळीत काहीतरी अडकतंय. तू एकसारखं इंजिन ओरडवलंस, पंपाने जोरात ओढलं, कचरा जाळीला चिकटला. बंद केलं की कचरा खाली बसतो. ताई वेळेवर गियर बदलते, म्हणून तिला कधी दिसलं नाही."

"पण मघाशी तो टकटक आवाज केवढा मोठा होता, काका!" ताई म्हणाली.

मिस्त्री गेजच्या काट्याकडे बघत राहिले. ती टकटक त्यांना अजिबात ऐकू आली नव्हती. बाईंनी ते आरशात बघितलं आणि गियरच्या दांड्याशी खेळत बसल्या.

दुपारी मिस्त्री खड्ड्यात उतरले, ऑइल काढलं आणि इंजिनाखालचं चेंबर सोडवलं. आत जाळीभोवती रबरासारखे काळे तुकडे शेवाळासारखे चिकटलेले. कुणीतरी आधीच्या दुरुस्तीत पॅकिंग बसवताना चिकटवायचं सीलंट हात सैल सोडून थापलं होतं, आणि जास्तीचं सुटून आत पडलं होतं. मिस्त्रींनी जाळी धुतली, चेंबर लख्ख पुसलं, सीलंट अगदी दोऱ्याएवढं बारीक लावलं, ऑइल आणि फिल्टर नवं घातलं. संध्याकाळी बाईंना पुन्हा गोदामामागे नेलं. पहिल्या गियरमध्ये कितीही ओरडवलं तरी काटा पडला नाही.

"आता दुसरा टाका," ताई म्हणाली.

बाईंनी टाकला. गाडी अशी काही हलकी झाली की त्यांच्या तोंडून "अगं बाई!" निघून गेलं, आणि मग त्या थांबायलाच तयार होईनात.

ताईची शिकाऊ मंडळी परीक्षेला वेळेवर पोचली. बाईंनीही नाव घातलं. पहिल्यांदा त्या नापास झाल्या, कारण गाडी मागे घेताना परीक्षकालाच त्यांनी दटावलं, "मध्ये मध्ये बोलू नका, माझं लक्ष जातं." दुसऱ्यांदा तोंड मिटून पास झाल्या. लायसनवरचा फोटो त्यांनी लेकीला पाठवला, बहिणीला पाठवला, बालवाडीतल्या जुन्या मावशींना पाठवला.

एका दुपारी पाने पुसता पुसता मिस्त्री बायकोकडे न बघता म्हणाले, "ताईला ऐकू आला तो गोदामामागचा आवाज. ती तर ओरडून ओरडून निम्मी बहिरी झालेली. तिलाही आला."

"हं," बाई म्हणाल्या.

"ते कानवाल्यांचं दुकान किती वाजता उघडतं?"

बाईंनी वेळ घालवला नाही. ताईकडून गाडी मागून घेतली, टपावरची पाटी तशीच, आणि नवऱ्याला शेजारी बसवून स्वतः चालवत नेलं. मिस्त्री रस्ताभर दाराचा दांडा धरून बसले होते. आत तपासणी झाली, बारीकसं मशीन कानामागे बसलं. बाहेर आल्यावर मिस्त्री तक्रारच करत सुटले. चपला केवढ्या वाजतात, कागद केवढा वाजतो, लोक एवढ्याने का बोलतात.

गाडी निघाली. कोपऱ्यावर बाईंनी वळायची तयारी केली, आणि मिस्त्रींनी एकदम त्यांचा हात धरला.

"थांब! गाडी बाजूला घे. टकटक येतेय."

बाईंनी घाबरून कान दिला. मग त्यांना हसू आवरेना. हसता हसता त्यांनी सावकाश वळण घेतलं, आणि आवाज आपोआप बंद झाला.

"अहो, इंडिकेटर होता तो."

मिस्त्रींनी कानामागचं मशीन बोटाने चाचपलं. मग म्हणाले, "पुन्हा लाव बरं."

"आता कुठे वळायचंय?"

"कुठेही वळ. लाव."

बाईंनी डावीकडे लावला. टिक-टिक-टिक-टिक. मिस्त्री डोळे मिटून ऐकत राहिले. बाई डावीकडे वळल्या, मग पुन्हा डावीकडे, मग आणखी एकदा. घर उजवीकडे होतं, पण तशी घाई कुणालाच नव्हती.