चालू द्या तुमचं

आमच्या बंदरावरच्या बर्फ कारखान्यात मी फिटर आहे. बर्फाच्या लाद्या फोडायचा क्रशर म्हणजे लोखंडी दातांचा रोलर. एखादा दात तुटला की बाकीचे बर्फ चावायचं सोडून नुसते चघळत बसतात. त्या दुपारी असाच एक दात बदलायला मी उजवा हात कोपरापर्यंत आत घातला होता. स्वीच भिंतीपलीकडे, आणि तो बंद करून तिथे बसलेले आमच्याच आळीतले काका. स्वीचला कुलूप लावायची पद्धत तेव्हा नव्हती. काका बसलेत ना, मग झालं.

बर्फासाठी खोळंबलेला एका बोटीचा तांडेल आत डोकावला. वेळ दिसतोय, तोवर आम्ही चहा मारून येतो, म्हणाला. मी मान न वळवता ओरडलो, "चालू द्या तुमचं!"

कॉम्प्रेसरच्या घरघरीतून भिंतीपलीकडे एवढंच पोचलं: चालू. काकांनी बटण दाबलं.

रोलर लगेच फिरला नाही. दातांत बर्फाचा मोठा खडा अडकला होता, म्हणून मोटर आधी नुसती गुरगुरली. ती गुरगुर मला अजून झोपेत ऐकू येते. मी हात ओढला, हातमोजा दातांत राहिला आणि मग सगळं एकदम फिरलं. हात काखेत गच्च दाबून मी खाली बसलो. दुखत नव्हतं, आणि त्याचीच जास्त भीती वाटत होती. बघायची हिंमत होईना.

शेवटी दारातून परत धावत आलेल्या तांडेलानेच माझा हात काखेतून सोडवला.

"हाय का?" मी डोळे मिटूनच विचारलं.

"हाय रं. करंगळीचं टोक तेवढं गेलंय."

मी लहान पोरासारखा रडलो. काका पलीकडून धावत येऊन भिंतीला टेकले होते. "तूच म्हनलास ना, चालू," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. आणि म्हणालो तर मीच होतो.

आता स्वीचला कुलूप असतं आणि चावी माझ्या खिशात. तरी आत हात घालण्याआधी मी खिसा चाचपतो, आणि तरीही घाम फुटतो.

मध्यंतरी आळीत लग्न होतं. पंगतीत मी आणि काका शेजारी बसलो होतो. भात कालवला, पहिला घास उचलणार तोच यजमान हात जोडून आले आणि प्रेमाने म्हणाले, "चालू द्या, चालू द्या."

माझा हात चटका बसल्यासारखा पानातून बाहेर आला. ओशाळून मी शेजारी बघितलं. काकांचाही हात वरच होता.