ओटीतला नारळ आणि माझा पट्टा

गरोदर बायकांच्या पोटावर बांधायचा, बाळाची हालचाल टिपणारा पट्टा मी बनवत होते. गंगापूर रोडवरच्या आमच्या इवल्याशा ऑफिसात डिझायनर मीच. "अगदी मऊ, घातलाय हे कळतही नाही," हे पाकिटावरचं वाक्यही माझंच. ते कुणाच्या जोरावर? नवऱ्याच्या! पट्टा आधी त्याच्या ढेरीवर बांधून बघितला होता. तो जेवून मस्त घोरायचा आणि मी लिहायचे, आरामदायक.

मग मलाच दिवस गेले. मागच्या खेपेला तिसऱ्या महिन्यातच सगळं संपलं होतं, त्यामुळे पोट दिसायला लागल्यापासून मी पट्टा अंघोळीपुरताच सोडायचे. बकल बोचायचं, घामाने पुरळ उठलं. तक्रार करणार कुणाकडे? तक्रारींचे ईमेल मलाच यायचे.

सातव्या महिन्यात पिंपळगावला सासरी डोहाळजेवण होतं. हिरवी साडी, फुलांचे दागिने आणि आत माझा लाडका पट्टा. सासूबाईंनी ओटी भरली. तांदूळ, खण, वर नारळ. तेवढ्यात पट्ट्याला जोडलेला मोबाइल कोकलला: हालचाल नाही.

बायकांची गाणी थांबली.

"अगं, हलतंय का नाय बाळ?" सासूबाईंनी विचारलं.

आणि मी, सात महिने त्याला पोटात वागवणाऱ्या शहाणीने, उत्तरासाठी मोबाइलकडे बघितलं!

"त्याला काय इचारती? बाळ तुझ्या पोटात हाय का त्याच्या?" सासूबाई ओरडल्या. ओरडता ओरडता त्यांना रडूच फुटलं.

मी पोटाकडे लक्ष दिलं, पण हललेलं काहीच कळेना. देवा, पुन्हा नको रे, एवढंच मनात चाललं होतं. इतक्यात ओटीतला नारळ हलला. सासूबाईंनी तो सरळ करून ठेवला. परत आतून लाथ बसली आणि नारळ मांडीवर घरंगळला. बायका हसायला लागल्या, मी मात्र भोकाड पसरलं.

आत जाऊन बघते तर परकराच्या नाडीने पट्ट्यातला सेन्सर ढकलत पार पाठीकडे नेला होता. नवरा परकर घालत नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तरी संध्याकाळी डॉक्टरांकडे जाऊन ठोके ऐकले, तेव्हा कुठे घास उतरला.

त्यानंतर सासूबाईंचा रोज फोन यायचा, "हललं का गं?" मी मोबाइल कानाला लावायचे, दुसरा हात पोटावर ठेवून थांबायचे, आणि मगच "हो" म्हणायचे.