सासऱ्यांच्या कानांसाठी टोपी

माझं लंडनच्या हाउन्सलोत बॅगांचं दुकान आहे. आधी एअरपोर्टवर लोकांच्या बॅगा उचलायचो, आता लोकांना बॅगा विकतो. माझे सासरे ईलिंगला राहतात. ते हॉस्पिटलमध्ये सर्जन होते. माझे थोरले साडू मेडनहेडला असतात, तेही डॉक्टर. मी डॉक्टर नाही. हे मला तोंडावर कुणी सांगितलेलं नाही, पण मला कळतं.

सासरे माझ्याकडून काही घेत नाहीत. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी त्यांच्यासाठी शाल नेली होती. ते म्हणाले, "जावयाला द्यायचं असतं, जावयाकडून घ्यायचं नसतं," आणि माझ्या हातात शर्टपीस ठेवलं. माझं डोकं फिरलं. मी शर्टपीस टीपॉयवर ठेवलं आणि शाल घेऊन घरी आलो. नंतर दुकानातली सगळ्यात चांगली बॅग नेली, तेव्हाही तेच. साडूंनी दिलेला मरून स्वेटर मात्र ते हिवाळाभर अंगात घालून बसतात. समोरच्या सोफ्यावर बसून मी तो स्वेटर बघत चहा पितो.

रशियाला सुट्टीवर सहज जाता येत होतं, तेव्हाची ही गोष्ट. सासूबाईंना सेंट पीटर्सबर्गचा राजवाडा बघायचा होता. साडूंना वेळ नव्हता. मी म्हटलं, मी नेतो. सासूबाईंचं आणि आपलं तिकीट सासऱ्यांनी स्वतः काढलं, ते वेगळं सांगायला नको. आम्ही फेब्रुवारीत, मुलीच्या शाळेच्या हाफ-टर्मच्या सुट्टीत गेलो, कारण हॉटेल फार स्वस्त मिळालं.

"फेब्रुवारीत एवढं स्वस्त का, ते विचारलंस का?" बायको म्हणाली.

मी विचारलं नव्हतं.

तिथली नदी गोठून रस्त्यासारखी झाली होती आणि तिच्यावरून माणसं कुत्री फिरवत होती. श्वास घेतला की नाकातले केस कडक व्हायचे. आम्ही सगळे लोकरीच्या टोप्यांमध्ये होतो, एकटे सासरे सोडून. त्यांच्या डोक्यावर राखाडी फेल्ट हॅट होती. लंडनमध्ये ती शोभते. तिला कानांशी काही देणंघेणं नाही.

"आजोबा, तुमची कान रेड झाली," आमची मुलगी म्हणाली. ती हाउन्सलोत जन्मली, तिचं मराठी असंच आहे.

"थंडीत होतात लाल," सासरे म्हणाले.

"आता व्हाइट होतायत."

ते सर्जन होते. पांढऱ्या कानाचा अर्थ त्यांना आमच्यापेक्षा चांगला कळत होता. तरी ते चालत राहिले. रंगीत घुमटांच्या चर्चजवळ टोप्यांचे स्टॉल होते. मी थांबलो आणि कान झाकणारी, हनुवटीखाली बांधायची केसाळ टोपी उचलली. विकणाऱ्या बाईंनी कॅल्क्युलेटरवर आकडा दाखवला. मी हसलो. त्यांनी दुसरा दाखवला. मी टोपी ठेवून चालायला लागलो. त्यांनी मागून रशियनमध्ये काहीतरी म्हटलं. ते चांगलं नसावं, पण टोपी माझ्या मनातल्या आकड्याला मिळाली.

"घ्या बाबा. घाला."

"प्राण्याची कातडी मी डोक्यावर घेत नाही."

"खोटी आहे. खरी असती तर एवढ्यात दिली असती का?"

हे त्यांना पटलं. त्यांनी टोपी हातात घेतली, आत बोट घालून अस्तर बघितलं. मग हातातलं घड्याळ काढायला लागले.

"हे ठेवा तुम्ही."

ते घड्याळ त्यांना रिटायर होताना हॉस्पिटलनं दिलं होतं. "घड्याळ नको मला," मी म्हटलं. आवाज चढलाच. "टोपी फुकट आहे. घाला आणि चला!"

"मग राहू दे."

"कान गळून पडतील!"

"पडू देत."

"अहो, तुम्ही दोघं काय लहान आहात का?" सासूबाई मध्ये पडल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "त्यांनी काही दिलं की घेत जा ना. मोठे जावई कसे गुपचूप घेतात. स्वेटर आणला तेव्हा ह्यांनी आपला गोल्फचा सगळा सेट दिला. त्यांच्या गॅरेजमध्ये पडलाय."

गोल्फचा सेट! एवढी वर्षं मी ज्या स्वेटरकडे बघत चहा प्यायलो, तो भेट नव्हताच, तो व्यवहार होता. आणि व्यवहार मला शिकवायचा? कुणीतरी सरळ सांगितलं असतं की ह्या घरात अदलाबदल चालते, तर मी पहिल्याच दिवाळीला शर्टपीस घेऊन मोकळा झालो असतो. पण डॉक्टर लोक सांगत नाहीत. त्यांना वाटतं, समोरच्याला माहीत असतं.

"घड्याळ जास्त होतं," मी म्हटलं. "ह्या टोपीला घड्याळ कुणी देत नाही."

"मग मफलर."

"मफलर तुम्हाला लागेल. काहीतरी कमी सांगा."

"पेन आहे. चांगलं आहे."

"पेनही जास्त."

आयुष्यभर मी समोरच्याला खाली आणलं ते मला कमी द्यावं लागावं म्हणून. इथे मला कमी मिळावं म्हणून घासाघीस करत होतो. स्टॉलवाल्या बाई हातातला कॅल्क्युलेटर विसरून आमच्याकडे बघत होत्या.

"ही हॅट घ्या," सासरे शेवटी म्हणाले. "आता मला तिचा उपयोग नाही."

"हे बरोबर," मी म्हटलं.

त्यांनी हॅट दिली, मी टोपी दिली. मुलीनं त्यांच्या हनुवटीखाली नाडी बांधली. ते माझ्या डोक्याकडे बघत उभे राहिले. मला कळलं. मी माझी लोकरीची टोपी काढून खिशात कोंबली आणि फेल्ट हॅट घातली. ती मला जरा मोठी होते.

"यू लुक लाइक अ स्पाय," मुलगी म्हणाली.

तिथून राजवाड्यापर्यंत नदीवरचा वारा होता. अर्ध्या वाटेवर कान दुखायचे थांबले. बधिर झाले होते; त्याची मला जास्त भीती वाटली. राजवाड्यात आत जाताना कोट, टोप्या सगळं काउंटरवर द्यावं लागतं. आत सासूबाईंनी एकेक झुंबर डोळे भरून बघितलं. मी रेडिएटर जिथे दिसेल तिथे थांबून कान चोळत होतो.

बाहेर पडताना काउंटरवरच्या बाईंनी सगळा ढीग एकदम समोर ठेवला. बायकोनं केसाळ टोपी उचलून माझ्यापुढे धरली.

"त्यांची नाही, माझी ती," सासरे म्हणाले. त्यांनी ती घेतली आणि कान नीट झाकून नाडी स्वतः बांधली.

मी हळूच खिशातली लोकरीची टोपी काढत होतो. त्यांनी बघितलं.

"हॅट आवडली नाही का तुम्हाला?"

"आवडली ना," मी म्हटलं, आणि ती घालून बर्फात उतरलो.