मध्ये पडणारी

फोन आला तेव्हा मी अकरावीच्या वर्गात फळ्यावर वाटाण्याच्या रोपांचा चौकोन काढत होते. उंच रोप, बुटकं रोप, चार घरं. मोबाइल टेबलावर तीनदा थरथरला म्हणून व्हरांड्यात येऊन घेतला. माझ्या मैत्रिणीचा, नाहिदाचा, धाकटा भाऊ होता. "ताई, आपाला मारलं," एवढंच म्हणाला. मी विचारलं, "कुणी? कुठं लागलंय तिला?" मागे खूप माणसांचा गलका होता, कुणीतरी बाई एकसारखी ओरडत होती. आपल्या भाषेत 'मारलं'चे दोन्ही अर्थ होतात... थोबाडीत दिली तरी मारलं, आणि जीव घेतला तरी मारलं. मी पहिलाच अर्थ घट्ट धरून उभी होते. "कुठल्या दवाखान्यात नेलंय?" असंही विचारलं मी. मग तो म्हणाला, "ताई, आपा राहिली नाही."

त्याला आता सात आठवडे झाले. बोर्ली पंचतनच्या रिक्षा स्टँडवर, सकाळी साडेनऊला, भर बाजारात एका माणसाने मासळी कापायच्या सुरीने तिच्यावर पाच वार केले. त्याची बायको नाहिदाच्या मागे उभी होती. वार तिच्यासाठी होते. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, कौटुंबिक वादातून महिलेची हत्या. वाचणाऱ्याला वाटलं असेल, वाद तिच्याच घरातला. नाहिदाचं त्या घराशी काहीही नातं नव्हतं. ती मध्ये पडली होती. आणि मध्ये पडायला ती पहिल्यांदा कुठे शिकली हे मला माहीत आहे, म्हणून हे लिहिते आहे.

अलिबागला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आम्ही हॉस्टेलच्या एका खोलीत होतो. मी किहीमची, नारळ-सुपारीच्या वाडीतली. ती बोर्लीची, वडील कुवेतला, घरी अम्मी आणि लहान भाऊ. जनुकशास्त्र आम्हाला त्या वर्षी पहिल्यांदा आलं. मला ते गणितासारखं वाटायचं, चौकोन भरले की उत्तर तयार. नाहिदाला ते गोष्टीसारखं वाटायचं आणि गोष्टीत पुढे काय होतं हे कळल्याशिवाय तिला चैन पडत नसे. मॅडम एक धडा शिकवत असायच्या तेव्हा ही पुढचा वाचत असायची, आणि मध्येच मला कोपर मारून कुजबुजायची, "अगं, आज जो नियम चाललाय ना, तो पुढच्या धड्यात मोडतो बघ." मी म्हणायचे, परीक्षेला नियमच येतात.

मग रक्तगटाचं प्रात्यक्षिक झालं. बोटाला सुई टोचायची, काचपट्टीवर थेंब घ्यायचे, त्यात औषध मिसळून कुठे गुठळ्या होतात ते पाहायचं. तिचा गट O निघाला, माझा B. मॅडमनी सगळ्यांना घरच्यांचे रक्तगट शोधून वंशावळ काढून आणायला सांगितलं. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, लग्नाला आडवी रेघ. त्या रविवारी नाहिदा माझ्याबरोबर किहीमला आली. वह्या पूर्ण करायच्या आणि आईच्या हातची खेकड्याची आमटी खायची, असा बेत होता.

माझ्या वडिलांचा हात चालायचा, हे मी तिला सांगितलं नव्हतं. आईला डाव्या कानाने कमी ऐकू यायचं आणि त्याचं कारण आमच्या घरात कुणी उच्चारत नसे. त्या दुपारी वडील अंगणात पहारीवर नारळ सोलत होते, आई विहिरीजवळ भांडी घासत होती, आम्ही पडवीत वह्या पसरून बसलो होतो. वडिलांच्या रक्तदानाच्या कार्डावर O होतं. माझ्या जन्माच्या वेळच्या आईच्या कागदावरही O. खाली मी माझं वर्तुळ काढलं, त्यात B लिहिलं, आणि थांबले. मग मी हसले. हसले आणि मोठ्याने म्हणाले, "आई, पुस्तकाप्रमाणे मी तुमची मुलगीच नाही!"

नाहिदाने माझ्या मांडीला करकचून चिमटा काढला. वडिलांनी मान वर न करता विचारलं, "म्हंजी?" आणि मी त्यांना समजावून सांगितलं, विद्यार्थिनीच्या ऐटीत. दोघं O असले की मूल O च होतं, B येणार कुठून? "आनि तू कोन?" "B." "बरं," ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी आणखी दोन नारळ सोलले. सोडणं, म्हणजे वरची सालं, नीट बाजूला टाकली. मग उठले, ओट्यावरचा कोयता घेतला आणि विहिरीकडे चालू लागले.

डाव्या हाताने केस धरून त्यांनी आईला उभं केलं. "ही कुनाची?" एवढंच विचारत होते आणि कोयत्याची मूठ तिच्या तोंडावर मारत होते. आई "तुमचीच" म्हणत होती. तिसऱ्या की चौथ्या वेळी तिचे दात पडले आणि तो शब्दही नीट येईना. मी पडवीत उभी होते. लहानपणापासून मी अशीच उभी राहत आले होते, भिंतीला पाठ लावून, संपायची वाट बघत. धावली ती नाहिदा. अनवाणी, ओढणी पडवीतच टाकून. दोघांच्या मध्ये घुसली, हात पसरले आणि म्हणाली, "काका, तिने अर्धंच वाचलंय! पुस्तकात पुढे दुसरं आहे. ऐका माझं!" कोयत्याची पाठ तिच्या उजव्या मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मला पडवीत ऐकू आला. ती बाजूला झाली नाही, तिने डावा हात वर केला. तेव्हा वडिलांनी लाथ घालून तिला आडवं पाडलं, कोयता हातात फिरवून घेतला आणि धारेच्या बाजूने आईच्या खांद्यावर घातला.

शेजारच्या वाडीतले दोघे धावत आले, त्यांनी मागून धरलं, म्हणून दुसरा वार झाला नाही. मिनीडोर रिक्षातून अलिबागला जाताना आईचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि नाहिदा डाव्या हाताने माझी ओढणी तिच्या जखमेवर दाबून बसली होती. तिचा उजवा हात मांडीवर वाकडा पडला होता. वाटेत ती रडली नाही. मीच रडत होते, आणि ती मला म्हणाली, "रडू नकोस, दाब. दोन्ही हातांनी दाब."

दवाखान्यात आईला रक्त चढवायचं ठरलं. गट O, म्हणजे अवघड काही नव्हतं. पण रक्तपेढीतले काका बाहेर आले ते गोंधळलेले. "O च्या चार पिशव्या जुळवून बघितल्या. चारही जुळत नाहीत. गुठळ्याच होतायत. असं मी कधी बघितलं नाही." डॉक्टर वेळ नाही म्हणून चिडले होते. नाहिदाचा हात नुकताच प्लास्टरमध्ये बांधला होता. ती बाकावरून उठली आणि म्हणाली, "काका, यांचा O खरा O नसेल. बॉम्बे गट असेल." त्यांनी लगेच मुंबईला फोन लावला. तिने मला त्या पुढच्या धड्यातलं जे नंतर समजावलं ते मी आता माझ्या वर्गातल्या मुलांना तसंच सांगते. A आणि B हे रक्तपेशीवर चढणारे रंग समजा. ते चढायला खाली एक थर लागतो. फार थोड्या माणसांत तो थरच नसतो. त्यांच्यात A असो, B असो, रंग चढत नाही, आणि साध्या तपासणीत ती माणसं O दिसतात. पण त्यांना O रक्त दिलं तर तेच रक्त त्यांना मारतं. आईकडे B होता, दिसत नव्हता. मला थर वडिलांकडून मिळाला, म्हणून आईचा B माझ्यात दिसला.

नमुना मुंबईला गेला, आणि नाहिदाचं खरं निघालं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या लाँचने त्या गटाच्या दोन पिशव्या मांडव्याला आल्या. धक्क्यावर त्या घ्यायला नाहिदाच गेली. मी आईजवळ होते. प्लास्टरचा हात गळ्यात, थर्माकोलचा डबा मांडीवर, अशी ती रिक्षातून उतरली तेव्हा तिला एकशे दोन ताप होता. आई जगली.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. नाहिदालाही तसंच वाटत होतं. वडील जामिनावर सुटले तेव्हा ती हट्टाने माझ्याबरोबर किहीमला आली आणि डाव्या हाताने कागदावर चौकोन-वर्तुळं काढून तिने त्यांना सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं. "मंग आदी का न्हाय सांगितलंस?" एवढंच माझ्याकडे बघून म्हणाले. नातेवाईक म्हणाले, गैरसमज होता, मिटला, आता बाईने घरी जावं. आई गेली. वीस दिवसांनी चहा गार झाला म्हणून त्यांनी तिला पुन्हा मारलं, त्याच खांद्यावर.

हे कळलं तेव्हा नाहिदा हॉस्टेलच्या खाटेवर बसली. मग म्हणाली, "मी किती मूर्ख गं... मला वाटलं, खरं कळलं की हात थांबेल. मारणाऱ्याला कुठे काही कळून घ्यायचं असतं?" दुसऱ्या दिवशी सकाळी ती एक टेम्पो ठरवून आली आणि मला म्हणाली, चल. वडील अंगणातच होते. नाहिदा त्यांच्या समोरून घरात शिरली, आईची ट्रंक उचलून बाहेर आणली, आणि आईला म्हणाली, "मावशी, चपला घाला." वडील दोन पावलं पुढे आले. ती ट्रंक धरून तिथेच उभी राहिली, मोडलेलं मनगट पुढे करून. "काका, हा एक झालाय. दुसरा मोडायचाय का?" ते थांबले. का थांबले, मला अजून कळलेलं नाही. आई त्या दिवसापासून माझ्याजवळ आहे, आधी अलिबागला भाड्याच्या खोलीत, आता रेवदंड्याला.

पुढे नाहिदा रक्तपेढीचं काम शिकली आणि श्रीवर्धनकडच्या एका छोट्या दवाखान्यात लागली. रक्ताच्या पिशव्या सांभाळायचं काम, पण तिचं लक्ष रक्त कुठून वाहतंय याकडे जास्त. 'पडले' म्हणून येणाऱ्या बायकांच्या शेजारी जाऊन ती बसायची. काहींना पोलीस ठाण्यात घेऊन जायची, काहींना स्वतःच्या घरी. अम्मी तिला ओरडायच्या, "लोकांच्या घरात कशाला शिरतेस?" मीही ओरडले होते. शेवटचं भेटलो ते रेवदंड्याला, माझ्या घरी, तेव्हाही एक बाई तिच्याकडे राहायला होती. मी म्हटलं, "एखाद दिवशी कुणीतरी तुलाच मारेल." ती हसली. "मारलंय की तुझ्या बापाने. काय झालं?"

सात आठवडे मी याच वाक्यापाशी अडले आहे. आमच्या अंगणात ती मध्ये पडली आणि वाचली. मध्ये पडून वाचता येतं, हे तिला आम्ही शिकवलं. मी त्या दिवशी हसले नसते, तोंड मिटून B लिहिलं असतं तर... पण मग आईचं रक्त काय आहे हे कुणालाच कळलं नसतं, आणि वडिलांना मारायला कारण तसंही लागत नव्हतं. मी दोन्हीकडून विचार करते. कुठूनही नाहिदा परत येत नाही.

त्या दिवशी संध्याकाळी आई आणि मी बोर्लीला पोचलो तेव्हा तिला दफनासाठी नेलं होतं. घरात बायका दाटीने बसल्या होत्या. ज्या बाईसाठी ती गेली, ती दाराशी भिंतीला पाठ लावून उभी होती, कुणी तिला बस म्हणत नव्हतं. आई सरळ अम्मींच्या पायाशी जाऊन बसली. म्हणाली, "माज्यापासनं सुरू झालं हे." अम्मींनी आईच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मग दाराकडे बघून त्या बाईला म्हणाल्या, "इथे ये. माझ्याजवळ बैस." ती बाई अजून त्यांच्याच घरी आहे. पोलिसांना तिने सगळं सांगितलंय, आणि कोर्टातही उभी राहणार आहे.

आईचं नाव त्या दुर्मीळ रक्ताच्या यादीत आहे. आतापर्यंत पाचदा तिला बोलावणं आलं, आणि पाचही वेळा नाहिदा बोर्लीहून एसटीने येऊन अलिबागला तिच्या खाटेशेजारी बसलेली असायची. गेल्या सोमवारी पुन्हा फोन आला, दूरच्या कुठल्या तरी गावात एका बाळंतिणीला गरज होती. आई लगेच अलिबागला निघाली, मीही बरोबर. खाटेवर आडवी झाली, दंडाला पट्टा बांधला, सुई गेली, मूठ उघडमीट करू लागली. खाटेशेजारी एक लोखंडी स्टूल होतं. मी ते ओढून बसायला गेले.

"तिथं नको बसूस," आई म्हणाली.

मी उभी राहिले. पिशवी भरायला अकरा मिनिटं लागली.