बायकांकडचा रांजण

नासीर भिस्त्याला खोड एकच होती. एखादी गोष्ट अशीच का, हे कळेपर्यंत त्याला चैन पडत नसे. शिंदखेडे तालुक्यातल्या तापीकाठच्या त्या गावात तो कातड्याच्या पखालीने पाणी वाहायचा. उन्हाळ्यात रस्त्यावर सडा, मोहल्ल्यात घरोघर पाणी आणि हंगामात कापसाच्या जिनात बायलरसाठी खेपा. खेपा चालू, तसे प्रश्नही चालू. एकाच झऱ्याच्या दोन विहिरी, मग एकीचं पाणी मचूळ का? लोक तोंडावर त्याला नासीरभाऊ म्हणत आणि पाठीमागे चौकशी हापिस.

एकोणसाठ सालच्या भादव्यात तापी गावात शिरली. खालची आळी आणि मोहल्ला मिळून दीडेकशे माणसं उंचावरच्या जिनात येऊन राहिली. हंगाम नव्हता, गोदाम मोकळं होतं. मध्ये तरटं बांधून एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका-पोरं अशी सोय झाली. दोन्हीकडे एकेक रांजण ठेवला आणि ते भरायचं काम नासीरकडे आलं.

पहिल्याच दुपारी त्याच्या लक्षात आलं. पुरुषांकडचा रांजण तळाला गेलेला, बायकांकडचा जवळपास काठोकाठ. पोरांनी प्यायलं असेल तेवढंच कमी झालेलं.

नासीरच्या मनाला ते लागलं. पाणी चामड्याचं, त्यातून मुसलमानाच्या हातचं, म्हणून आळीतल्या बाया पीत नसतील, आणि त्यांच्या संकोचाने मोहल्ल्यातल्याही. पुरुषांनी अडचणीत सोवळं गुंडाळून ठेवलं, बायकांना ते जमत नसेल. दुसऱ्या दिवशी त्याने पखाल खुंटीला टांगली आणि जिनाचा रखवालदार झुलाल याच्याकडून तो रांजण पितळी हंड्यांनी भरून घेतला. दुपारी पाहतो तर तेवढाच भरलेला!

आता मात्र त्याला राहवेना. त्याची बायको अमिनाबी तिकडेच होती. तरटाच्या कडेला तिला बोलावलं, तर तिचेच ओठ कोरडे पडून फुटलेले.

"तू भी नहीं पीती?"

"पिऊँ, और फिर जाऊँ किधर?" अमिनाबी चिडून म्हणाली.

एवढा चौकस माणूस, पण हे त्याला सुचलं नव्हतं. बायकांची परसाकडची जागा नदीकडच्या झुडपांमागे होती, ती पुरात बुडालेली. पुरुष सडकेच्या कडेला कुठेही बसत. बायकांनी मग पाणीच सोडलं होतं. खालच्या आळीतल्या झुंबरबाईची सून बेबाबाई हिला आठवा महिना, आणि दोन दिवसांत तिच्या पोटात चार घोट गेलेले. सकाळी तिला भोवळ आली, अंगात ताप भरला. आज ही पोटभर पाणी प्यायली नाही तर पोर हातचं जाईल, असं सुईणीने स्पष्टच सांगितलं होतं.

नासीर बायलरच्या पायरीवर जाऊन बसला. पुढे गेल्या हंगामाच्या राखेचा ढीग होता. घरात पोराने घाण केली की अमिनाबी चुलीतली राख टाकते, वास जातो, माशी बसत नाही. पोरांचं जे राखेने निभतं, ते मोठ्यांचं का निभू नये?

त्याने झुलालला कुदळ घ्यायला लावली. बायलरच्या मागे, विहिरीपासून दूर, उताराच्या अंगाला दोघांनी गुडघाभर चर खणला. वर फळ्या टाकल्या, भोवती तरटं ताणली, शेजारी राख आणि ती वर टाकायला एक करवंटी ठेवली. अमिनाबीने आत जाऊन बायकांना सांगितलं.

तरी रांजणातलं पाणी कमी होईना. नासीर डोकं धरून बसला आणि बघत राहिला. थोड्या वेळाने बेबाबाई हातात टमरेल घेऊन भिंत धरत दारापर्यंत आली. समोर ओट्यावर तिचे सासरे जीवरामआबा चार म्हाताऱ्यांसह बसले होते. हातात टमरेल दिसलं की बाई कुठे निघाली ते सगळ्यांना कळतंच. बेबाबाई मागे फिरली. तिची ती पाठ बघून नासीरचा जीव तुटला.

तो उठला आणि तडक झुंबरबाईकडे गेला.

"अक्का, भांडी कोठे घासतस?"

"आठेच." तिने पायाजवळची जागा दाखवली. "का बरं?"

"राख तर तठे शे, बायलरमांगे. भांडी तठेच घासा. पानी मी तठेच भरी देस."

झुंबरबाईने त्याच्याकडे निरखून पाहिलं. म्हातारी पक्की होती.

"बेबा," ती साऱ्या जिनाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "परात लई ये!"

भांडी घासायला निघालेल्या बाईकडे कोण बघतो? त्या दिवशी जिनातली भांडी चार-चारदा घासली गेली. घासलेली पुन्हा घासली. ओट्यावर जीवरामआबा कौतुकाने म्हणाले, "बाया कामले वाघीन शेतस!"

पूर ओसरला. बेबाबाईला दसऱ्यानंतर मुलगी झाली. होळीच्या सुमाराला नासीरने तो चर उकरला, कारण आत काय झालं असेल हे त्याला बघायचंच होतं. काळी भुसभुशीत माती निघाली, तिला ओल्या शेतासारखा वास येत होता. असं का होतं, हे तो भेटेल त्याला विचारत राहिला. पुढे दरवर्षी पावसाच्या आधी तो राखेची सात-आठ पोती जिनाच्या माळ्यावर कोरडी ठेवून देई.

पण त्या पुराचं विचारलं की तो चराचं सांगत नसे, राखेचंही नाही. तो सांगे ते परात निघाली त्या संध्याकाळचं. बायलरमागे भांड्यांसाठी ठेवलेलं पिंप हंड्याने भरून तो परत येत होता. तरटाआडून बेबाबाईचा आवाज आला. सासरे ऐकत होते, तरी ती मोठ्याने म्हणाली,

"नासीरभाऊ, रांजनमानं पानी सरी गयं."

नासीरने खुंटीवरची पखाल काढली आणि तो विहिरीकडे अक्षरशः पळत सुटला.